आप्पासाहेबांचा साप

आप्पासाहेब घोडीवरून पडले, हे सगळ्या पुंडलिकनगराला माहीत होतं. ते पडले नव्हते, त्यांना पाडलं गेलं होतं, हे मात्र एकट्या आप्पासाहेबांना माहीत होतं. पडण्यात दोष माणसाचा असतो, पाडलं जाण्यात परिस्थितीचा. आणि उभा जन्म सरकारी नोकरीत काढलेल्या माणसाला हा फरक शिकवावा लागत नाही. परिस्थिती म्हणून त्यांनी साप सांगितला होता.

पण सापाच्या आधी मंडळाबद्दल सांगायला हवं.

पुंडलिकनगरातली निवृत्त मंडळी सकाळी मैदानावर चालायची. मैदानाला फेऱ्या डावीकडून मारायच्या की उजवीकडून, यावरून त्यांच्यात तट पडले. उजव्या तटातल्या काहींचे गुडघेही त्याच सुमारास कुरकुरू लागले. डॉक्टरांनी त्यांचं चालणं बंद केलं. बसणं बंद केलं नव्हतं. तेव्हा बसल्या बसल्या चालता येईल असा एकच उपाय उरला आणि 'पुंडलिकनगर ज्येष्ठ अश्वभ्रमंती मंडळ' जन्माला आलं. नावात शहराचंही नाव घालावं अशी एक सूचना होती. पण नवं घालायचं की जुनं, हा प्रश्न निघताच सगळ्यांना एकदम घरची कामं आठवली, आणि नाव पुंडलिकनगरावरच थांबलं.

दर रविवारी मंडळ पडेगावला जाई. तिथं म्हाळसाबाईच्या घोड्या होत्या. म्हाळसाबाई धनगराची. तिच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखली. आता मेंढरं मोजकीच उरली होती, आणि ज्या घोड्या पूर्वी रानोमाळ बिऱ्हाड वाहायच्या त्या लग्नसराईत नवरदेव वाहत. लग्नं नसतील तेव्हा ज्येष्ठ नागरिक. "वजनाला दोनी बी सारखेच," म्हाळसाबाई म्हणे, "पर ह्यांच्याम्होरं कोनी नाचत न्हाई, तेवढाच घोडीला आराम."

दौलताबादच्या रस्त्याला समांतर, टेकड्यांच्या पायथ्यापायथ्यानं जाणाऱ्या पायवाटेवरून हे घोडदळ एकामागं एक निघे. गवताचे भारे घेऊन जाणाऱ्या बायका त्याला सहज मागं टाकत. पण वेग हा तरुणांचा विकार आहे, असं मंडळाचं मत होतं.

मंडळाचे पहिले अध्यक्ष मुलाकडे पुण्याला कायमचे गेले आणि अध्यक्षांची खुर्ची रिकामी झाली. खुर्ची म्हणजे खरोखरच खुर्ची. बाकी सभासद प्लॅस्टिकच्या स्टुलांवर बसत. अध्यक्षांना मात्र सागवानी, हातांची, पाठीला वेताची वीण असलेली खुर्ची होती. आप्पासाहेबांचा जीव तिच्यात अडकला होता. ऑफिसात त्यांची तशीच खुर्ची होती आणि तिच्यापुढं दिवसभर माणसं उभी असत. निवृत्त झाल्यापासून त्यांच्यापुढं कुणी उभं राहिलं नव्हतं. घरी ते बसले की पत्नी आवडाबाई त्यांना उठवून त्यांच्याखालचं झाडून घेत.

आप्पासाहेब मूळचे फुलंब्रीचे, जमीनजुमल्याच्या घरातले. घोडा आपल्या रक्तात आहे, असं ते सांगत. निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या दिवसांत त्यांचे आजोबा घोड्यावर मांड ठोकून जे निघाले ते थेट जालन्यापर्यंत कुठं थांबले नव्हते. ते कुणाच्या मागं लागले होते की कुणी त्यांच्या मागं लागलं होतं, हे घरात कुणी विचारत नसे.

खुर्चीचे दुसरे उमेदवार बद्रीनाथराव. हे निवृत्त मुख्याध्यापक. आयुष्यभर व्याकरण शिकवलेलं. ते घोड्यावरही फळ्याकडे तोंड करून बसल्यासारखे बसत, पण अजून एकदाही पडले नव्हते. आणि आषाढातल्या त्या रविवारी आप्पासाहेब पडले.

झालं असं. टेकाडावर सगळे पोचले तेव्हा आप्पासाहेबांना वाटलं, अध्यक्षपदाच्या उमेदवारानं अशा ठिकाणी दोन शब्द बोलावेत. त्यांनी शेवंता नावाच्या आपल्या पांढऱ्या घोडीचा लगाम खेचला, रिकिबीत उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "मित्रहो, घोडा हे माणसाहूनही इमानी जनावर—"

वाक्य तिथंच राहिलं. शेवंता एकाएकी मागच्या मागं सरकली. आप्पासाहेब होते तिथंच राहिले आणि घोडी त्यांच्याखालून निघून गेली.

घाणेरीच्या झुडपातून त्यांना बाहेर काढलं, तेव्हा सगळे आता काय म्हणायचं या विचारात होते. आप्पासाहेबांनी ती अडचण सोडवली. ते म्हणाले, "साप होता."

साप म्हटल्याबरोबर तो पुष्कळांना दिसलेला होता. मंडळातल्या साळूबाई वहिनींना फणा दिसला होता. कुणाला मनगटाएवढी जाडी दिसली, कुणाला फूत्कार ऐकू आला. परतीच्या वाटेवर साप वाढत गेला आणि पडेगाव येईतो त्याला मिशाही फुटल्या. बद्रीनाथराव मात्र गाडीत बसताना एवढंच म्हणाले, "मला तर काही साप दिसला नाही. घोडी भाषणाला बिचकली."

हे वाक्य आप्पासाहेबांच्या आधी पुंडलिकनगरात पोचलं. दूधवाल्यानं हसून चौकशी केली. समोरच्या बंगल्यातले गृहस्थ 'आज भाषण आहे का, नाही म्हणजे मुलांना आत घेतो' असं म्हणाले. आवडाबाईंनी पाठीला हळद-तेल चोळताना विचारलं, "अवो, खरंच होता का साप?" आणि उत्तराची वाट न पाहता त्या स्वतःच म्हणाल्या, "लग्नाला एवढी वर्षं झाली. तुमी बोलाया लागले की मला बी उठून जावं वाटतं. ते तर मुकं."

पुढच्या बैठकीत आप्पासाहेबांनी निवेदन केलं. त्यात 'मला पाडण्यात आलं' असा शब्दप्रयोग होता. बद्रीनाथराव उठले. त्यांचा मुद्दा व्याकरणाचा होता. 'पाडण्यात आलं' म्हटलं की पाडणारा कोण ते सांगावं लागतं. कर्ता दाखवा, नाहीतर सरळ 'पडलो' म्हणा. साप हा कर्ता असेल तर हरकत नाही, पण कर्ता वाक्यात कुठंतरी दिसायला हवा.

बराच खल झाला. शेवटी असं ठरलं, की शेवंता सापाला बिचकते असं मंडळाच्या डोळ्यांदेखत सिद्ध झालं, तर आप्पासाहेब निर्दोष आणि अध्यक्ष. नाही झालं तर बद्रीनाथराव. पोळ्याच्या आधी निकाल लागावा.

तेव्हापासून मंडळाच्या सहली सापाच्या शोधात निघू लागल्या. पण सापाचा स्वभाव चमत्कारिक. शोधत नसलात तर तो न्हाणीघराच्या मोरीतून वर येतो; शोधायला निघालात तर अख्खी टेकडी सोवळी होऊन बसते. साळूबाई वहिनी प्रत्येक बिळापुढं दूध ठेवायचं म्हणाल्या. बद्रीनाथरावांनी गुलमंडीच्या बाजारातून रबरी साप आणायची तयारी दाखवली. आप्पासाहेबांनी ती घोडीच्या बुद्धीचा अपमान म्हणून फेटाळली. श्रावण सरत आला. आप्पासाहेब रोज सकाळी वर्तमानपत्र वाचून झालं की खुर्चीचा विचार करत.

एक दिवस आठवड्याच्या मधल्या वारी ते एकटेच, गुळाचा खडा खिशात घालून, पडेगावला गेले. प्रत्यक्ष साप मिळत नसेल तर निदान मालकिणीची साक्ष मिळवावी, असा त्यांचा बेत होता. म्हाळसाबाई अंगणात लसूण निवडत बसली होती. शेवंता शेजारी खुंट्याला बांधलेली. आप्पासाहेबांनी गोडीगुलाबीनं विषय काढला, की घोडी सापाला भिते असं मंडळाला एकदा सांगून टाका, म्हणजे मिटलं.

म्हाळसाबाईच्या हातातला लसूण तसाच राहिला. तिची घोडी वरातीची. तिच्या कानाशी ताशे वाजलेत, पोटाखाली सुतळी बाँब फुटलेत, डीजेपुढं तिच्या शेपटीला धरून नवरदेवाचे मावसभाऊ नाचलेत. ती कशाला भिते असं एकदा गावात झालं, की पुढच्या सराईत कोण नवरदेव तिच्यावर बसणार?

"सायेब, आमी मेंढरांमागं समदं रान पालथं घातल्याली मान्सं," ती म्हणाली. "माझी शेवंता जनावराला भीत नाय."

शेवंता मागं सरकली. दावं ताठ झालं.

"पायाखालून जनावर गेलं तरी हालत नाय," म्हाळसाबाई म्हणाली. शेवंता आणखी सरकली आणि खुंटा डगमगला.

आप्पासाहेबांनी घोडीकडे बोट दाखवलं. म्हाळसाबाईनं मागं वळून पाहिलं, मग आप्पासाहेबांच्या डोक्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुमी केसाला कलप लावलाय नव्हं? त्याचा वास हिला सोसत नाय." आणि ती आत चहा ठेवायला गेली.

आप्पासाहेब अंगणात एकटे उरले. त्यांनी आजूबाजूला पाहून घेतलं. मग घोडीजवळ जाऊन हळूच म्हणाले, "साप." शेवंतानं कान हलवून माशी उडवली. "नाग." काही नाही. "सर्प," ते म्हणाले, कारण घोडी कदाचित शुद्ध भाषेची असेल. तिनं त्यांच्या खिशातला गूळ हुंगला. मग आप्पासाहेब अगदी कुजबुजत म्हणाले, "जनावर."

शेवंता अशी मागं गेली, की खुंटा उपटून तिच्याबरोबर गेला.

चहा पिता पिता त्यांनी वळसा घालून विचारलं, की मेंढरांमागं हिंडताना वाटेवर साप दिसला तर तुम्ही काय करायचात? म्हाळसाबाईनं कानाच्या पाळीला हात लावला. त्याचं नाव घ्यायचं नसतं. नाव घेतलं की ते हजर होतं. मालक, म्हणजे मल्हारराव, शेवंताला धरून सगळ्यांच्या पुढं चालायचे. दिसलं की ते 'जनावर!' एवढंच म्हणायचे आणि लगामाला हिसडा देऊन घोडी मागं ओढायचे. शिंगरू होती तेव्हापासून. एवढं सांगून ती खुंटा ठोकायला उठली, आणि कलप सोडून मेंदी लावा, असा सल्ला देऊन गेली.

फुलंब्रीला आप्पासाहेबांच्या आईनंही उभ्या हयातीत सापाला साप म्हटलं नव्हतं. जनावरच म्हणायची. पुंडलिकनगरात राहायला आल्यावर आप्पासाहेबांची भाषा सुधारली होती, तेव्हा पडल्यावर त्यांच्या तोंडून 'साप' आला आणि पडण्याआधी 'जनावर'. उलट झालं असतं तर ते अजून घोडीवर असते.

परतताना रिक्षात त्यांनी परिस्थितीचा विचार केला. घोडी सापाला भीत नव्हती. ती शब्दाला मान देत होती. म्हणजे ते सापामुळं नाही, वाक्यामुळं पडले होते. म्हणजे घोडी भाषणाला बिचकली होती. म्हणजे बद्रीनाथराव म्हणाले ते शब्दशः बरोबर होतं. सत्य कळल्यावर मनाला शांती मिळते म्हणतात. आप्पासाहेबांनी ते कुणालाही सांगायचं नाही असं ठरवलं, तेव्हा त्यांना ती मिळाली.

निकालाच्या आधीचा शेवटचा रविवार उजाडला. ऊन पडलं होतं, रात्री पाऊस होऊन गेल्यानं दगड तापायला नुकतेच लागले होते. आप्पासाहेब शेवंतावर सगळ्यांत पुढं, त्यांच्या मागं बद्रीनाथराव, मग बाकीचे. म्हाळसाबाई मागून चालत होती. टेकाडाच्या अलीकडे वाट अरुंद होते तिथं, बांधाच्या दगडांतून धामण बाहेर आली.

खरी, लांबलचक, पिवळट रंगाची धामण. ती तालुक्याच्या कचेरीत काम असलेल्या माणसासारखी आपल्याच नादात वाटेत आली, आणि शेवंताच्या पुढच्या पायांसमोरून आडवी जाऊ लागली.

घोडदळ थांबलं. साळूबाई वहिनींनी एका हातानं तोंड दाबलं, दुसऱ्या हातानं मोबाईल काढला. शेवंतानं मान खाली घातली, नाकातून 'फुर्र' केलं, एक कान पुढं केला, आणि दारावरून जाणाऱ्या ओळखीच्या बाईकडे पाहावं तसं त्या धामणीकडे पाहत उभी राहिली. पायसुद्धा हलवला नाही.

आप्पासाहेबांना एक गोष्ट जाणवली. समोर साप, खाली निश्चल घोडी, आणि तिच्यावर ताठ बसलेले आपण, मागं सकाळचं ऊन. इतके रुबाबदार ते जन्मात कधी दिसले नव्हते. आजोबाही दिसले नसतील. त्यांना तर वेळही नव्हता. आता नुसतं गप्प बसलं, तर साळूबाई वहिनींच्या मोबाईलमध्ये ते कायमचे शूर होणार होते.

"आप्पासाहेब," मागून बद्रीनाथराव शांतपणे म्हणाले, "साप आला. साप चाललाही. घोडी उभी आहे. आता त्या दिवशीचा कर्ता कोण, ते तुम्हीच सांगा."

धामणीचं निम्मं अंग गवतात गेलं होतं. वेळ थोडा होता. शूर व्हायचं की बरोबर ठरायचं, असा प्रश्न होता. आणि शूर माणसाला कुणी खुर्ची देतं असं आप्पासाहेबांनी नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी ओठ न हलवता म्हटलं, "जनावर."

शेवंता एक पाऊल मागं सरकली आणि थांबली. तिलाही आवाज संशयास्पद वाटला असावा.

"सरकली वाटतं," बद्रीनाथराव म्हणाले. "थोडी."

तो 'थोडी' आप्पासाहेबांना लागला. त्यांनी छाती भरून घेतली आणि भाषणाच्या खड्या आवाजात, धामणीच्या शेपटाकडे बोट दाखवत, अख्ख्या टेकडीला ऐकू जाईल असं म्हटलं, "जनावर!"

साप दिसल्यावर मराठवाड्यातला कोणीही माणूस हेच म्हणेल. कुणाला काही खटकलं नाही. शेवंता मागच्या मागं गेली, आप्पासाहेब होते तिथंच राहिले. फरक इतकाच, की या खेपेला खाली घाणेरी नव्हती, मुरूम होता.

मुरमावर पडल्या पडल्या त्यांनी विचारलं, "दिसलं?"

सगळ्यांना दिसलं होतं. साप गेल्यावर घोडी का बिचकली, असा एक बारीक प्रश्न कुणीतरी काढला. त्यावर साळूबाई वहिनी म्हणाल्या, की मुक्या जिवाला उशिरा कळतं, आमच्याकडेही तसंच आहे. बद्रीनाथराव घोड्यावरून उतरले, आप्पासाहेबांपाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "कर्ता दिसला. मी शब्द मागं घेतो." माणूस व्याकरणाचा पक्का होता; हरला तरी नियमानं हरला.

आप्पासाहेब एकमतानं अध्यक्ष झाले. निवड झाली तेव्हा ते पोटावर झोपले होते. माकडहाड चिरलं होतं, आणि डॉक्टरांनी या वेळी चालायला मोकळीक दिली होती. बसणं बंद केलं होतं, दिवाळीपर्यंत. आवडाबाईंनी ही बातमी फुलंब्रीला फोनवर कळवली, ती अशी: "खुर्ची मिळाली, पर टेकायला जागा राहिली न्हाई."

म्हाळसाबाई भेटायला आली, पण पेढे खायला नाही. पडेगावात बोभाटा झाला होता. शेवंता बिचकते, शेवंता माणसं पाडते. कार्तिकातलं एक लग्न मोडलं होतं. म्हणजे लग्न होणार होतं, घोडी मोडली होती. तिनं पलंगाशी उभं राहून बजावलं, की चारचौघांत माझ्या घोडीचं नाव खराब केलं, आता चारचौघांतच तिचा मान करा. हार घाला, ओवाळा, आणि तिची काही चूक नाही असं मोठ्या माणसाच्या तोंडून वदवा. नाहीतर, ती म्हणाली, त्या दिवशी तिच्या खुंट्याशी उभं राहून काय पुटपुटत होता, ते मी समद्यांदेखत विचारीन. "मी चहा ठेवाया गेल्ते," ती म्हणाली, "बहिरी नव्हते झाले."

तिला नेमकं किती समजलं होतं, हे विचारायचं धाडस आप्पासाहेबांना झालं नाही.

तेव्हा अध्यक्षांच्या पदग्रहणाला शेवंताचा सत्कार जोडण्यात आला. मैदानात मंडप घातला. शेवंता झेंडूच्या माळा घालून, पाठ मंचाकडे करून उभी; तोंड लोकांकडे, कारण फोटो तोंडाचा येतो. तिच्या मागं मंचावर ती सागवानी खुर्ची. अध्यक्षांना बसता येत नव्हतं आणि खुर्ची रिकामी ठेवणं बरं दिसत नव्हतं, म्हणून तिच्यात बद्रीनाथराव बसले होते, तात्पुरते. शेजारी आप्पासाहेब उभे. अध्यक्ष झाल्यावर आपल्यापुढं माणसं उभी राहतील असा त्यांचा अंदाज होता. आज सगळं मैदान बसलं होतं आणि उभे ते एकटेच होते. ते आणि घोडी.

ओवाळणी झाली. म्हाळसाबाई लगाम धरून समाधानानं उभी होती. मग बद्रीनाथराव खुर्चीतून उठून माइकपाशी आले. ते फार मोकळ्या मनानं बोलले. आपण आप्पासाहेबांवर अन्याय केला, घोडीवरही केला. आषाढातल्या त्या रविवारी आप्पासाहेबांनी एक सुंदर वाक्य सुरू केलं होतं. दैवानं ते पुरं होऊ दिलं नाही. अर्धवट वाक्य हा भाषेवरचा अत्याचार असतो. ते त्यांचंच वाक्य आज, या इमानी घोडीच्या साक्षीनं, मी पुरं करणार आहे.

आप्पासाहेबांनी पुढंमागं पाहिलं. घोडी, तिच्या मागं खुर्ची, खुर्चीच्या मागं पोह्यांची पातेली. त्यांना बद्रीनाथरावांना थांबवता आलं असतं. पण थांबवायचं तर का, ते सांगावं लागलं असतं, आणि मग आपण दोन्ही वेळा कशामुळं पडलो तेही.

"मित्रहो," बद्रीनाथरावांनी घसा साफ केला, "घोडा हे माणसाहूनही इमानी..."

शेवंतानं एक कान मागं केला. आप्पासाहेब बाजूला सरकले, आणि पुंडलिकनगरच्या या स्वच्छ झाडलेल्या मैदानात आता साप कुठून आणायचा, याचा विचार करू लागले.